पाणकावळा आणि डॉल्फिन : शाळेच्या प्रदर्शनात तुलना कशी मांडावी?

रावेरची_प्रयोगवही

नमस्कार मंडळी. सातवी-आठवीच्या मुलांचा तालुका विज्ञान प्रदर्शनासाठीचा विषय ठरला आहे : बुडी मारणारा पक्षी आणि समुद्रातला सस्तन प्राणी. पक्षी म्हणून पाणकावळा घेतलाय, कारण तो हतनूर धरणावर, जळगावच्या मेहरूण तलावावर, गावतळ्यावर कुठेही दिसतो. सस्तन प्राणी म्हणून कोकण किनाऱ्यावर दिसणारा कुबड्या डॉल्फिन. टेबल साधारण एक मीटर बाय एक मीटर मिळेल. हाताशी दीड महिना आहे आणि हतनूरची एक सहल होईल.

मुलांनी तक्त्यावर सध्या तीन वाक्यं लिहिली आहेत :

"पाणकावळ्याला तेलग्रंथी नसते, म्हणून तो पंख पसरून वाळवतो."
"डॉल्फिन नाकाने आणि तोंडाने श्वास घेतो."
"डॉल्फिन जास्त वेळ बुडी मारतो, म्हणून तो पाणकावळ्यापेक्षा सरस."

यातलं काय चुकतंय? खर्च न वाढवता कोणती मॉडेल नीट चालतील? आणि हतनूरला मुलांनी नेमकं काय टिपायचं? पाणकावळ्याऐवजी पेंग्विन घ्या असंही एकाने सुचवलंय. त्यावरही मत हवंय.

---

पूर्णाथडी

सर, तिन्ही वाक्यं बदलावी लागतील.

तेलग्रंथीचं आधी. पाणकावळ्याला शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि चोचीने तो ते तेल पिसांना लावतोही. "ग्रंथीच नसते" हे वर्षानुवर्षं तक्त्यावरून तक्त्यावर उतरत आलेलं वाक्य आहे. फरक पिसाच्या बांधणीत आहे. बदकाच्या पिसाचे तंतू एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही. पाणकावळ्याच्या अंगावरच्या पिसाचा मधला भाग तसाच घट्ट असतो, पण कडेचा भाग सैल असतो आणि तेवढाच भिजतो. म्हणजे वरचा थर ओला, आणि कातडीलगत हवेचा पातळ थर शाबूत. याने त्याचं एक काम सोपं होतं : अंगावर हवा कमी, म्हणून बुडणं सोपं. किंमत अशी की बाहेर आल्यावर पंख पसरून उन्हात बसावं लागतं.

हेच मुलांना पाण्यावर दिसेल. वारकरी नावाचा पाणपक्षी बुडी मारताना आधी छोटी उडी घेतो आणि वर येताना बुचासारखा टपकन उसळतो, कारण त्याच्या पिसांत हवा भरपूर. टिबुकली पिसं अंगाशी दाबून हवा बाहेर काढते आणि कधीकधी आवाजही न करता जागच्या जागी खाली जाते. पाणकावळा पोहतानाच अर्धा पाण्यात असतो. तिरंदाजाची तर फक्त मान वर दिसते. एकाच पाण्यावरचे चार पक्षी, आणि हवा किती बाळगायची याची चार उत्तरं.

आता श्वास. डॉल्फिन तोंडाने श्वास घेत नाही. त्याची श्वासनलिका वर सरकून थेट डोक्यावरच्या नाकपुडीच्या मार्गात बसवलेली असते आणि घास तिच्या दोन्ही बाजूंनी खाली जातो. म्हणून पाण्यात तोंड उघडून मासा पकडला तरी फुप्फुसात पाणी जात नाही. पाणकावळ्याचं बरोबर उलटं. मोठ्या पाणकावळ्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद झालेल्या असतात आणि तो तोंडाने श्वास घेतो. तक्त्यावर ही दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवा. एवढ्यावरच बघणारा थांबेल.

श्वासाचं प्रमाणही लिहा. शांत बसलेला माणूस एका श्वासात फुप्फुसातली साधारण दहावा हिस्सा हवा बदलतो. डॉल्फिन एका उच्छ्वासात ऐंशी टक्क्यांच्या आसपास हवा बदलतो, तेही सेकंदाच्या आत. पक्ष्याची व्यवस्था निराळीच. त्याचं फुप्फुस फुगत-आकसत नाही. हवेच्या पिशव्या भात्यासारखं काम करतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. मात्र त्या पिशव्यांमुळे तो तरंगायलाही लागतो, म्हणून बुडी मारताना त्याला पायाने झगडावं लागतं.

तिसरं वाक्य, "सरस". इथे आकाराचा हिशेब राहिला आहे आणि ही तुलनेतली सगळ्यात मोठी चूक. लहान पाणकावळा साधारण अर्धा किलोचा, कुबड्या डॉल्फिन दोनशे किलोच्या घरातला. म्हणजे वजनात ४०० पट फरक. अंगात साठवलेला प्राणवायू वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण प्राणवायू खर्च होण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तो वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. त्यामुळे बुडीचा वेळ वजनाच्या पाव घाताने वाढायला हवा. पाव घात म्हणजे वर्गमूळाचं वर्गमूळ : ४०० चं वर्गमूळ २०, २० चं वर्गमूळ साधारण ४.५. म्हणजे नुसत्या मोठ्या अंगामुळेच डॉल्फिनची बुडी साडेचार पट लांब व्हायला हवी. पाणकावळा २० सेकंद राहिला तर डॉल्फिनकडून दीड मिनिटाची अपेक्षा धरा. कुबड्या डॉल्फिनच्या नेहमीच्या बुड्या मिनिटभराच्या आसपासच्या असतात, फार तर काही मिनिटांच्या. मग सरस कोण? हा हिशेब आठवीच्या मुलाला कागदावर करता येतो. तो तक्त्यावर मोठ्या अक्षरात लावा.

---

सातपुडा_पायवाट

पेंग्विनबद्दल. त्याच्या बाजूने मुद्दा आहे : तो उडणं सोडून पूर्ण पाण्याचा झाला, पंखांची वल्ही झाली, म्हणून शरीराच्या ठेवणीत तो डॉल्फिनच्या जवळ येतो. सम्राट पेंग्विन ५६४ मीटर खोल गेल्याची आणि ३२ मिनिटांवर बुडी मारल्याची नोंद आहे. तेव्हा "पक्षी बुडीत मागे" हेही वाक्य कुठे येऊ देऊ नका.

तरी पाणकावळाच ठेवा असं माझं मत. पेंग्विन बघायला मुंबईला राणीच्या बागेत जावं लागेल, तिथेही तो काचेपलीकडचा. पाणकावळा उडतोही आणि बुडतोही, त्यामुळे त्याच्या अंगातली ओढाताण जास्त शिकवते. उडायला हलकं अंग हवं, बुडायला जड. दोन्ही एकाच देहात बसवायचं म्हटलं की काय काय सोडावं लागतं, ते डॉल्फिनशेजारी ठेवल्यावर उठून दिसतं. पेंग्विनला एका कोपऱ्यात दोन ओळी पुरेत.

---

ताईंचा_पाठ

पाठीच्या कण्याचा मुद्दा कुणी काढला नाही, तो टाकाच. डॉल्फिन शेपूट वर-खाली मारतो, मासा डावी-उजवीकडे. कारण डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालणारे चतुष्पाद होते, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीचे. देवमासे सोडले तर आजच्या प्राण्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. कुत्रा पूर्ण वेगात धावताना त्याची पाठ कशी वर-खाली वाकते ते मुलांनी पाहिलेलंच असतं. तीच वाकण डॉल्फिनने पाण्यात नेली. पक्ष्याच्या पाठीचे मणके उडण्यासाठी मोठ्या भागात एकमेकांना जोडून ताठ झालेले असतात, ती पाठ तशी वाकणारच नाही. मग उरतात पाय किंवा पंख. पाणकावळ्याने पाय निवडले. त्याची चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली असतात (बदकाची पुढची तीनच), आणि पाय शरीराच्या मागच्या टोकाला. म्हणून तो पाण्यात चपळ आणि जमिनीवर अवघडलेला.

डॉल्फिनच्या पुढच्या वल्ह्याचा सांगाडा चितारताना दंडाचं हाड, हाताची दोन हाडं आणि बोटांची हाडं वेगवेगळ्या रंगांत दाखवा. शेजारी पाणकावळ्याचा पंख त्याच रंगांत. शेपटीच्या पंख्यात मात्र हाड काढू नका. तिथे मधल्या मणक्यांशिवाय हाड नसतं. चित्र काढणारी मुलं इथे हमखास चुकतात.

आणखी एक : पाणकावळ्याला अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला झाडावर यावंच लागतं. डॉल्फिनचं पिल्लू पाण्यातच जन्मतं, बहुतेक वेळा शेपटीकडून, आणि पाण्यातच दूध पितं. अंडं हवेत श्वास घेतं, ते पाण्यात ठेवता येत नाही. म्हणून कितीही पट्टीचा पोहणारा पक्षी असला तरी त्याचं घर किनाऱ्यालाच बांधलेलं राहतं.

---

प्रयोगपेटी_भुसावळ

मॉडेलबद्दल. दोन पुरेत, पण ती पक्की बसवा.

पहिलं, बुडीबाटली. एक लिटरची मऊ प्लास्टिकची बाटली आणि औषधाचा ड्रॉपर. ड्रॉपरमध्ये थोडं पाणी ओढा आणि त्याच्या टोकाला बारीक तार गुंडाळून वजन वाढवा. आधी पाण्याच्या ग्लासात सोडून बघा. रबरी टोपीचं फक्त टोक पाण्यावर राहील इतकं जुळवा. बाटली काठोकाठ भरा, ड्रॉपर सोडा, झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपर खाली, सोडली की वर. काचेतून बघा, दाबताना ड्रॉपरमधली पाण्याची रेघ वर सरकते, म्हणजे हवा आकसते. समुद्रात १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्मं होतं. म्हणून पाणकावळ्याला पहिल्या दोन-तीन मीटरांतच जास्त जोर लावावा लागतो, पुढे उसळी कमी होत जाते.

बिघडतं कुठे? पेनाचं टोपण वापरू नका, बऱ्याच टोपणांना वर भोक असतं, हवा निसटते. बाटलीच्या तोंडाशी हवा ठेवली तर दाब आधी तीच हवा खाऊन टाकते आणि लहान मुलाच्या हाताला ड्रॉपर बुडतच नाही. जाड बाटलीही नको.

दुसरं, चरबी आणि पिसं. चार सारख्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकी साधारण १०० मिली. चारही बाटल्यांत ३८ अंशांचं पाणी. पहिली नुसती पिशवीत. दुसरीभोवती दोन सेंटीमीटर जाडीचं गोठलेलं वनस्पती तूप, त्याला अर्धा किलो लागतं. तिसरीभोवती कोरड्या गोधडीचा तुकडा. चौथीभोवती तेवढाच तुकडा, पण भिजवून पिळलेला. दुसरी, तिसरी आणि चौथीही बंद पिशवीत. चारही बर्फाच्या पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत उभ्या ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान, वीस मिनिटं, चार रेघांचा आलेख.

इथे तीन चुका होतात. पाणी ५०-६० अंशांचं घेतलं की तूप आतून वितळतं आणि प्रयोग फसतो. ३८ घेतलं तर तूप टिकतं आणि डॉल्फिनच्या शरीराच्या तापमानाशीही जवळ जुळतं. दुसरी, पहिल्या बाटलीच्या पिशवीत हवा राहिली तर तीच उब धरते, म्हणून हवा दाबून काढा. तिसरी, बादली ढवळत राहायची, नाहीतर बाटलीभोवतीचं पाणी कोमट होऊन बसतं. एकच थर्मामीटर असेल तर चारही बाटल्या दर वेळी त्याच क्रमाने मोजा.

ओल्या गोधडीची रेघ नुसत्या पिशवीजवळ गेली की मुलांना कळेल की उब पिसाची नसते, पिसात अडकलेल्या हवेची असते. मग कोरड्या गोधडीवर दोन विटा ठेवून तीच बाटली पुन्हा मोजा. दाबली गेली की तीही थंड पडते. चरबी दाबाने आकसत नाही, हवा आकसते. खोल जाणाऱ्या प्राण्याला चरबी का परवडते याचं उत्तर त्या विटांत आहे.

पिसांचा छोटा प्रयोग करायचा तर कोंबडीचं पंखाचं पीस घ्या. पिसाचा पडदा सुबक असताना थेंब टाका, गोळी होऊन घरंगळतो. मग पीस उलटं चोळून तंतू विस्कटा, थेंब आत मुरतो. बोटांनी शेंड्याकडे ओढून तंतू पुन्हा जोडा, थेंब परत घरंगळतो. चोचीने पिसं साफ करणारा पक्षी दिवसभर हेच करत असतो. रानपक्ष्यांची पिसं मात्र वेचून आणू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू होतो.

---

हतनूर_काठावर

सहलीच्या नोंदी. हतनूरला तापी आणि पूर्णा एकत्र येतात, थंडीत तिथे पाहुणी बदकं उतरलेली असतात. मोठ्या थव्याच्या मागे लागू नका. किनाऱ्याजवळ एकटा मासे धरणारा पाणकावळा शोधा आणि वीस बुड्या संपेपर्यंत त्याच्यावरच डोळा ठेवा.

तीन मुलांची जोडणी करा. एक दुर्बिणीतून बघत "बुडाला", "वर" एवढंच बोलेल. दुसरा मोबाइलच्या घड्याळात वेळ घेईल. तिसरा वहीत लिहील. वहीत चार रकाने : बुडीचे सेकंद, वर थांबल्याचे सेकंद, मासा मिळाला की नाही, शेरा. बघणाऱ्यानेच लिहायला घेतलं की पुढची बुडी चुकते, हा अगदी ठरलेला घोळ.

मासा गिळायला वर आला की थांबण्याचा वेळ लांबतो. तो आकडा दमाचा नसतो, म्हणून सरासरी काढताना वेगळा ठेवा. पक्षी दहा-पंधरा मीटर लांब वर येऊ शकतो, एकाच जागी नजर रोखून बसू नका. जवळ दुसरा पाणकावळा आला तर मोजणी थांबवा, अदलाबदल झाल्याचं कळत नाही. लहान पाणकावळ्याची चोच आखूड आणि जाडसर, भारतीय पाणकावळ्याची लांब आणि बारीक, डोळा निळसर हिरवा. चोच चिमट्यासारखी लावून मासा पकडला तर पाणकावळा, भाल्यासारखी खुपसली तर तिरंदाज.

एक सूचना : किनाऱ्यालगत पाणी उथळ असतं, तिथला वेळ हा पक्ष्याच्या दमाचा शेवटचा आकडा नव्हे. तळ गाठून मासा मिळाला की तो वर येतो. तक्त्यावर "कमाल" असा शब्द वापरू नका, "पाहिलेला" लिहा.

दुपारी हळदीकुंकू बदकं विसावलेली असतात तेव्हा दुर्बिणीने डोळे बघा. थव्याच्या कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपलेलं सापडू शकतं. मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा जागा. डॉल्फिनही तसाच झोपतो, एकेक अर्धा मेंदू आळीपाळीने. त्याला श्वास घ्यायला जागं राहावं लागतं. तुलनेसाठी हा एक रकाना हतनूरवरच भरता येईल.

---

सातपुडा_पायवाट

मुलं हमखास विचारतील, तापीत डॉल्फिन का नाही? आपले नदीतले डॉल्फिन गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बियास यांच्या पाण्यात आहेत. गंगेतला डॉल्फिन २०१० पासून अधिकृतपणे राष्ट्रीय जलचर आहे, पण तो समुद्री नाही, म्हणून तुमच्या तुलनेत त्याला आणू नका. समुद्रातून वर येण्याचा तापीचा रस्ता गुजरातमधल्या काक्रापार आणि उकाई धरणांपाशीच अडला आहे.

---

रावेरची_प्रयोगवही

सगळ्यांचे आभार. तक्ता नव्याने लिहायला घेतला. बुडीबाटलीची चाचणी काल झाली. संध्याकाळी व्यवस्थित चालली. आज सकाळी बाटलीला हात न लावताच ड्रॉपर तळाशी गेलेला होता, दुपारी झाकण उघडल्यावरही वर आला नाही. बाटली गळत नाही. काय झालं असेल?

---

प्रयोगपेटी_भुसावळ

थंडी. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे आणि दुपारी वीस अंशांपर्यंतचा फरक पडतो. तापमान २० अंश उतरलं की ड्रॉपरमधली हवा साधारण सात टक्के आकसते. तुम्ही ड्रॉपर अगदी काठावर जुळवला होता, त्याला तेवढं पुरलं. ड्रॉपरमध्ये दोन-तीन थेंब पाणी कमी करा आणि प्रदर्शनाच्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळेला पुन्हा जुळवा. बाटली उन्हात ठेवू नका, मग उलटं होतं, कितीही दाबा, बुडत नाही.

दुपारी वर का आला नाही, त्यातही शिकण्यासारखं आहे. तळाशी गेल्यावर वरच्या पाण्याचा दाब थोडा वाढतो, हवा थोडी आणखी आकसते, आणि काठावर जुळवलेला ड्रॉपर तिथेच अडकतो. याला बिघाड समजून टाकून देऊ नका. दोन-तीन फूट उंचीची पारदर्शक नळी मिळाली तर मुद्दाम दाखवा : ड्रॉपर पाण्यात एका ठरावीक खोलीच्या वर असताना हात सोडला की तो परत येतो, त्या खोलीच्या खाली गेला की आपोआप बुडत राहतो. खोल जाणारे डॉल्फिन याच टप्प्यानंतर शेपूट न हलवता नुसते घसरत खाली जातात आणि प्राणवायू वाचवतात. वर येताना मात्र त्यांना सुरुवातीला शेपूट मारावी लागते. पाणकावळ्याचं उलटं : खाली जाताना पायाने सगळा जोर, वर येताना उसळी फुकट.

तळाशी अडकलेला ड्रॉपर काढायला सायकलच्या स्पोकचा आकडा करून टेबलाखाली ठेवा. बाटली उलटी केलीत तर ड्रॉपरमधली हवा निसटेल आणि सगळं पुन्हा जुळवावं लागेल.